वाड्यात नवीन फ्रिज येतोय आणि किचनच्या पॉइंटला अर्थिंगच नाहीये, काय करू?

पेठकरी:
नमस्कार मंडळी. आम्ही नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो, मी, बायको, आई आणि चार वर्षांचा मुलगा. जुना सिंगल डोअर फ्रिज पार गेलाय, दुरुस्तीवाला म्हणाला गॅस भरला तरी फार काळ टिकणार नाही, म्हणून डबल डोअर फ्रॉस्ट फ्री बुक केलाय आणि येत्या शनिवारी घरी येणार आहे. आता गंमत अशी की ज्या पॉइंटवर जुना फ्रिज चालायचा त्याचं बटन ढिलं झालं होतं म्हणून एका पोराला बोलावलं, त्याने बोर्ड उघडला आणि म्हणाला दादा इथे दोनच वायरी आल्यात, अर्थ नाहीचे, वरचं तिसरं मोठं भोक नुसतं शोभेला आहे. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले तुमच्या आधीच्या भाडेकरूंचा फ्रिज इथेच चालायचा, कोणाला काही झालंय का.

जुन्या फ्रिजच्या हँडलला ओल्या हाताने कधी कधी बारीक झिणझिण्या यायच्या, त्यामुळे आई स्लीपर घालूनच फ्रिज उघडते, आणि आम्हाला सगळ्यांना त्याची इतकी सवय झालीये की कोणी त्यावर बोलतही नाही.

तर प्रश्न असा की अर्थ नसताना नवीन फ्रिज लावला तर चालेल का, का नुसता स्टॅबिलायझर लावून भागेल? दुसरं, जागा दोनच आहेत, एक ओट्याला लागून सिलिंडरशेजारचा कोपरा आणि दुसरी खिडकीजवळ, तिथे दुपारी ऊन येतं. आणि जमीन लाकडी आहे, खाली कडीपाट. चालेल ना?

गप्प_बसवेना:
सवय झालीये म्हणे! आई स्लीपर घालून फ्रिज उघडतात, आणि मुलगा? चार वर्षांचं पोर चपला घालून फ्रिज उघडतं का कधी? ते अनवाणी येणार, हात ओले असणार आणि दाराला लटकणार. मालकांना हा एवढा एकच प्रश्न विचारा, कोणाला काही झालं का वगैरे बोलणं आपोआप थांबेल.

फ्रिज शनिवारी येऊ दे, खोक्यात उभा राहू दे. पॉइंट नीट झाल्याशिवाय प्लग लावू नका. दोन दिवस दूध खाली डेअरीतून रोजच्या रोज आणा, पेठेत राहून दुधाची काय चिंता.

निवृत्त_वायरमन:
पेठकरी, मी आयुष्यभर हेच काम केलंय, पेठांमधले बरेच वाडे आतून पाहिलेत म्हणून सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा आला तरी वाचा.

झिणझिण्या येतात याचे दोन अर्थ होतात. एक, कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधून किंवा फिल्टरच्या भागातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, तो थोडाफार चांगल्या मशीनमध्येही असतो, अर्थ असेल तर गुपचूप जमिनीत जातो आणि आपल्याला कळतही नाही. दुसरा अर्थ म्हणजे इन्सुलेशन खरंच खराब झालंय आणि आज बारीक आहे ते उद्या मोठं होणार. अर्थ नसेल तर या दोन्हीत फरकच कळत नाही, कारण दोन्हींना जमिनीत जायला तुमच्या हातापायाशिवाय रस्ता नाही. त्यामुळे नवीन फ्रिज आणला म्हणजे झिणझिण्या गेल्या असं समजू नका, नव्याच्या बॉडीवर टेस्टर लावला तरी तो मंद पेटायची शक्यता आहे, आणि मग तुम्ही कंपनीला फोन करून भांडणार आणि त्यांचा माणूस येऊन सांगणार की साहेब तुमच्याकडे अर्थिंग नाही. ते खरंच सांगतील.

स्टॅबिलायझरचा आणि शॉकचा काही संबंध नाही. तो व्होल्टेज सांभाळतो, माणसाला नाही.

वाड्यात अर्थ नाही हे नवल नाही. जुनं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, दोन वायरीचं, दिवे आणि फार तर रेडिओ यासाठी केलेलं, नंतर प्रत्येक भाडेकरूने त्याच्यावर मिक्सर, फ्रिज, गिझर चढवलेत. म्हणून नुसती अर्थची वायर ओढून थांबू नका. फ्रिजला मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्या, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची, फेज न्यूट्रल आणि हिरवी अर्थ तिन्ही एकत्र. फ्रिज काही फार ओढत नाही, चालू असताना मिक्सरपेक्षा कमीच, पण सुरू होताना झटका मारतो आणि दिवसरात्र चालतो, त्यामुळे ढिल्या सॉकेटमध्ये तो कोपरा हळूहळू तापत राहतो. लाकडी पट्टीच्या वायरिंगवर हे तापणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पॉइंट १६ अँपिअरचा बसवा, पण आधी फ्रिजचा प्लग जाड पिनांचा आहे का बारीक ते शोरूमला फोन करून विचारा म्हणजे सॉकेट त्याप्रमाणे घेता येईल. जाड पिनेचा प्लग बारीक सॉकेटला बसवणारा कन्व्हर्टर लावायची वेळच आणू नका, मल्टिप्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड तर विसराच.

आता ही हिरवी वायर जिथे जमिनीत जाते तो अर्थिंगचा खड्डा. वाड्याला चौक असतो हे तुमचं नशीब, फ्लॅटवाल्यांना ही सोय नाही. चौकात एका कडेला, कुठल्याही नळाच्या किंवा ड्रेनेजच्या लाइनपासून लांब, जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप नाहीतर प्लेट पुरून भोवती कोळसा आणि मीठ हे जुनं पण चांगलं काम आहे, हल्ली तयार केमिकल अर्थिंगचे पाइपही मिळतात. वर झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओता, जमीन कोरडी पडली की अर्थ कमजोर होतो. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रेझिस्टन्स मोजून मागा, घरासाठी पाच ओहमच्या आत आला तर उत्तम. मोजायचं यंत्र नसेल त्याला काम देऊ नका. लायसन्सवाला वायरमन बघा, बटन बदलणारा पोरगा नको. आणि नळाच्या पाइपला अर्थ बांधू देऊ नका, पूर्वी लोखंडी पाइप होते तेव्हा लोक बांधायचे, आता मध्येच कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा असतो आणि मग अर्थ जमिनीत न जाता शेजाऱ्यांच्या नळापर्यंत जातो.

शॉर्टकट_भाऊ:
काका एवढा खड्डा बिड्डा कशाला, भाड्याचं घर आहे त्यांचं. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थला छोटा जंपर मारायचा, म्हणजे वायरीचा तुकडा लावून दोन्ही जोडायचे, पाच मिनिटांचं काम. शेवटी न्यूट्रल पण ट्रान्सफॉर्मरला अर्थच केलेला असतो ना. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांनी हेच केलंय आणि टेस्टर लावला तर बॉडीवर काही येत नाही, झिणझिण्या बंद.

निवृत्त_वायरमन:
भाऊ, राग मानू नका पण हे वाचून कोणी उद्या खरंच करेल म्हणून स्पष्ट लिहितो. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल अर्थ असतो हे बरोबर. पण ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या सॉकेटपर्यंत त्या न्यूट्रलला किती जोड आहेत? खांबावर, सर्व्हिस वायरला, मीटरला, मेन स्विचला, आणि वाड्यात तर मध्ये दोनचार ठिकाणी नुसतं पिळून टेप मारलेली असते. यातला एक जोड पावसात सुटला की न्यूट्रल तुटला. मग फेज फ्रिजच्या आतून, बल्बमधून, जे काही चालू असेल त्यातून पुढे न्यूट्रलवर येते, तिथे रस्ता बंद, आणि तुमच्या जंपरमधून सरळ फ्रिजच्या पत्र्यावर. पूर्ण २३० व्होल्ट. फ्रिज बंद पडलेला दिसेल, माणूस काय झालं म्हणून दार उघडायला जाईल, आणि तिथेच. जंपरमुळे जिथे झिणझिण्या होत्या तिथे तुम्ही मरण ठेवलंय. तुमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना आजच सांगा.

शॉर्टकट_भाऊ:
बरं काका, न्यूट्रल तुटल्यावर काय होतं हा विचार केला नव्हता कोणी. आमच्याकडे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे पण, तो पडेल ना अशा वेळी?

टेकडीवरचा_इंजिनिअर:
काकांना अनुमोदन देऊन थोडं पुढचं सांगतो, कारण आरसीसीबीचा विषय निघालाच आहे.

शॉर्टकट_भाऊ, तुमचा जंपर आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला असेल तर तो आरसीसीबीला आंधळा करतो. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. बॉडीवर गळणारा करंट तुम्ही जंपरने परत न्यूट्रलमध्येच घातला तर त्याच्या दृष्टीने हिशोब जुळला, तो कशाला पडेल.

पेठकरी, तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावाच, खड्डा केला तरी लावा. बऱ्याच लोकांना वाटतं की अर्थ केला आणि एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, आहे म्हणजे झालं. हिशोब बघा, खड्डा अगदी चांगला, पाच ओहमचा धरला तरी पूर्ण फेज बॉडीवर आल्यावर खड्ड्यातून जास्तीत जास्त २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर जाणार. १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी लगेच पडायला त्याच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६०. मग ४६ वर तो पडायला वेळ घेणार आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला आरसीसीबी. तो सेकंदाच्या काही अंशात पडतो.

आणि हे पण लक्षात ठेवा की आरसीसीबीला स्वतःला काम करायला अर्थ लागत नाही. मालक खड्ड्याला अजिबात तयार झाले नाहीत तर निदान हा तरी लावा. फरक एवढाच की अर्थ असेल तर बॉडीवर करंट आल्या आल्या तो पडतो, कोणी हात लावायची वाट बघत नाही, आणि अर्थ नसेल तर कोणीतरी हात लावल्यावर पडतो. म्हणजे झटका बसणारच, पण बहुतेक वेळा जीव वाचतो. पूर्ण उपाय नाही, पण आजच्या परिस्थितीपेक्षा हजारपट बरा. त्यावर टेस्टचं बटन असतं ते महिन्यातून एकदा दाबून बघत जा.

काम झाल्यावर तपासायला बाजारात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, स्वस्त असतो, घ्या, पण त्याच्यावर पूर्ण भरवसा नको कारण वरच्या भाऊंसारखा जंपर मारलेला असेल तरी तो सगळं ओके दाखवतो! खात्री करायची तर वायरमनला तुमच्यासमोर बोर्ड उघडून हिरवी वायर दाखवायला सांगा आणि मीटरने फेज ते अर्थ व्होल्टेज बघायला सांगा, फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोनचार व्होल्ट. तिथे वीस तीस दिसले तर काहीतरी गडबड आहे. सॉकेटकडे तोंड करून अर्थचं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे यायला हवी, हे पण लगे हाथ बघून घ्या.

एक त्रास होऊ शकतो तो आधीच सांगतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो, फ्रिज जुना झाला की त्यात ओल शिरते आणि हीटर चालू झाला की आरसीसीबी पडतो. ठरावीक तासांनी लाइट जायला लागली तर तिथे शोधा. लोक अशा वेळी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात.

हडपसरची_मनू:
वायरिंगचं झालं सगळं, आता जागेचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. दादा, सिलिंडरशेजारचा कोपरा नको म्हणजे नकोच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर, त्याला चालू करणारा रिले वगैरे सगळं खालीच मागच्या बाजूला असतं. तुम्ही झोपलेले असाल तरी फ्रिज आपला आपण चालू बंद होत राहतो, त्यात बारीक ठिणगी पडू शकते. रात्रभर गॅस गळाला आणि पहाटे स्फोट झाला अशा बातम्यांमध्ये कोणी काडी ओढलेली नसतेच कित्येकदा. गॅसचा वास आला तर फ्रिजचा प्लग काढायला पण जाऊ नका, काढताना पण ठिणगी पडते, रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना घेऊन बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. मेन स्विच स्वयंपाकघराच्या बाहेर लांब असेल तरच तो पाडायचा.

हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये स्वतःचा गॅस पण पेटणारा असतो, आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, मागे कॉम्प्रेसरजवळ पिवळ्या त्रिकोणात आगीचं चिन्ह असतं बघा. घाबरू नका, तो अगदी थोडा असतो, शे दीडशे ग्रॅमच्या आतच, आणि बंद पाइपात. पण म्हणून मागची बाजू भिंतीला चिकटवून बंद करायची नाही, मागच्या पाइपला खिळे टेकवायचे नाहीत, आणि फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडायचा नाही. तुमचा फ्रॉस्ट फ्री आहे म्हणून प्रश्न येणार नाही पण आई सवयीने सुरी घेतील म्हणून सांगितलं.

खिडकीची जागा घ्या आणि खिडकीला जाड पडदा लावा, नाहीतर ऊन येत नाही तेवढं फूटभर सरकवा. मागे आणि बाजूला किती मोकळी जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, साधारण चार बोटं तरी सोडाच. नव्या फ्रिजना मागे काळी जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते, त्यामुळे बाजू गरम लागतात, उन्हाळ्यात तर चांगल्याच. तो बिघाड नाही. पण मग त्यावर ती खिशाखिशांची प्लॅस्टिकची कव्हरं घालायची नाहीत आणि बाजूला कांद्याबटाट्याची जाळी खेटवायची नाही. आणि मेन म्हणजे खालचा थर्माकोल काढा!! आमच्या सोसायटीत एका घरी फ्रिज कित्येक महिने थर्माकोलच्या खोक्यावरच उभा होता, ओरखडे पडू नयेत म्हणून, आणि तक्रार काय तर कॉम्प्रेसर फार तापतो.

फ्रिजच्या डोक्यावर गणपती, फुलदाणी, पाण्याचा तांब्या काही ठेवू नका. एक सांडलं की संपलं.

पेठकरी:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गप्प_बसवेना म्हणाले तसं मुलाचं नाव काढल्यावर मालक जरा वरमले, खड्ड्याला परवानगी दिली, खर्च मात्र अर्धा अर्धा म्हणाले. आरसीसीबी मी माझ्या खर्चाने लावतोय, सोडून जाताना काढून नेईन असं सांगितलं तर तेही चाललं त्यांना. वायरमन शुक्रवारी येणार आहे. खिडकीची जागा नक्की केली. आता राहिलं लाकडी जमीन आणि जिना. जिना एकदम चिंचोळा, दोरी धरून चढायचा, मध्ये वळण. आणि स्टॅबिलायझरचं कोणीच नीट सांगितलं नाही, शोरूमवाला म्हणतो इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे, गरज नाही, सासरे म्हणतात घेच.

तुळईखालचा:
मी अजूनही वाड्यातच राहतो, कसब्यात, त्यामुळे जिन्याचं मला विचारा. शुक्रवारीच टेप घेऊन जिन्याची रुंदी, वळणावरची तिरकी जागा आणि दाराची चौकट मोजा, कागदावर लिहा आणि फ्रिजच्या खोक्याचं माप शोरूमकडून घ्या, फ्रिजचं नाही, खोक्याचं. बसत नसेल तर खालीच खोकं सोडून वर न्यायचा. डिलिव्हरीवाले वळणावर तो सरळ आडवा करतात आणि म्हणतात काही होत नाही. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं ऑइल पाइपात जातं. शक्यतो उभा, फार तर थोडा तिरका. केलाच आडवा तर नंतर उभा करून रात्रभर तसाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चालू करा, उभा आला असेल तरी दोनतीन तास थांबलेलं बरं. हँडलला धरून कोणाला उचलू देऊ नका. वाड्याच्या जिन्याची सवय असलेले हमाल वेगळेच असतात, लक्ष्मी रोडच्या दुकानदारांना विचारलंत तर पत्ता देतील, डिलिव्हरीच्या पोरांना चार पैसे वाचतील म्हणून त्या जिन्यात घालू नका, वरून फ्रिज सुटला तर खालचा माणूस जाईल.

लाकडी जमिनीचं म्हणाल तर रिकामा डबल डोअर साधारण पन्नास साठ किलोच्या आसपास, भरल्यावर अजून वाढतो, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढा किंवा थोडा जास्त. कडीपाट तेवढं घेतो, पण खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, जिथे तुळई भिंतीत शिरते तिकडे ठेवा, तुमची खिडकीची जागा भिंतीलगतच असणार म्हणजे ठीक. आधी तिथे टाचेवर जोर देऊन बघा, फळी दबत असेल किंवा वाळवीचा भुसा दिसत असेल तर सुतार बोलवा. खाली एक जाड प्लायवुडचा तुकडा टाका म्हणजे चार पायांचं वजन चार फळ्यांवर न येता पसरेल. तो चाकांचा प्लॅस्टिकचा स्टँड मात्र घेऊ नका, लाकडी जमीन कधी सपाट नसते, फ्रिज डुगडुगतो आणि पोरगं दाराला लटकलं की पुढे येतो. पुढचे पाय फिरवून लेव्हल करा, मागे केसभर झुकलेला ठेवा म्हणजे दार आपोआप लागतं.

उंदीर आहेत का? असणारच. मागे वायर जमिनीवर लोळती ठेवू नका.

टेकडीवरचा_इंजिनिअर:
स्टॅबिलायझर: मॅन्युअलमध्ये किंवा फ्रिजवरच्या स्टिकरवर व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते, इन्व्हर्टरवाल्यांची बऱ्यापैकी मोठी असते. तुमच्याकडे व्होल्टेज त्या रेंजच्या बाहेर जात नसेल तर गरज नाही. वायरमन येतोय तेव्हा मीटर लावून बघा, संध्याकाळी सात आठ वाजता पण बघा.

निवृत्त_वायरमन:
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. कागदावर बरोबर आहे इंजिनिअर साहेबांचं, पण वाड्यातली सर्व्हिस लाइन जुनी असते आणि गुरुवारच्या दुरुस्तीसाठी लाइट जाऊन परत आली की पहिली काही मिनिटं व्होल्टेज वर खाली नाचतं. स्टॅबिलायझर घ्या किंवा नका घेऊ, पण लाइट आल्यावर फ्रिज तीनचार मिनिटं उशिराने चालू व्हायला हवा, आतला गॅसचा दाब उतरल्याशिवाय कॉम्प्रेसर उचलत नाही. नव्या फ्रिजमध्ये ही सोय बहुतेक असते, नसेल तर डिले असलेला साधा स्टॅबिलायझर पुरे. आणि घेतलाच तर तोही १६ अँपिअरच्या पॉइंटवर, भिंतीला लावून, फ्रिजच्या डोक्यावर नाही. त्याच्या आउटपुटच्या सॉकेटला अर्थ खरंच जोडलेला आहे का तेही बघा, स्वस्तातल्यांमध्ये तिथेच बोंब असते.

टेकडीवरचा_इंजिनिअर:
डिलेचं मान्य. सर्व्हिस लाइनचं पण मान्य, आम्ही नव्या बिल्डिंगवाले हे विसरतो.

हडपसरची_मनू:
लाइट गेल्यावर दार उघडू नका म्हणजे झालं, बंद राहिला तर चारेक तास आतलं नीट राहतं. आणि पहिल्या दिवशी मोकळाच चालवा काही तास, मग भरा. शनिवारी पाहुण्यांना आइस्क्रीमचं आमंत्रण देऊ नका 😄

बाय द वे, फ्रिजवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, एन, एसटी, टी असं, टी असेल तर बाहेर ४३ डिग्रीपर्यंत चालतो, एसटी ३८. पुण्यात एप्रिल मेमध्ये वरच्या मजल्यावर पत्र्याखाली ३८ कधी ओलांडतं कळत नाही, तुमचा कुठला आहे बघा.

पेठकरी:
स्टिकरवर टी आहे, शोरूममधून फोटो मागवला. जिना मोजला, खोक्यासकट बसत नाही, खोकं काढून बसेल, दोन इंच राहतायत. जुन्या फ्रिजचं काय करायचं ते राहिलं विचारायचं, एक्स्चेंजमध्ये फारच कमी देतायत. भंगारवाला जास्त देतो म्हणाला. तोपर्यंत चौकात ठेवू का?

गप्प_बसवेना:
चौकात ठेवणार असाल तर आधी दार काढा. वाड्यात पोरं लपाछपी खेळतात, जुन्या फ्रिजमध्ये एखादं जाऊन बसलं तर आतून आवाज बाहेर येत नाही आणि हवा संपते. अमेरिकेत याच कारणाने १९५६ मध्ये कायदा करावा लागला की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. आताची दारं रबरी मॅग्नेटची असतात, मोठं पोर ढकलेल, पण बाहेर दारासमोर कोणी पोतं टेकवून ठेवलं तर?

भंगारवाला जास्त देतो कारण त्याला कॉम्प्रेसरमधलं तांबं हवं असतं. तो पहिलं काम काय करतो तर पाइप कापतो, गॅस हवेत. तुमच्या जुन्यात आर १३४ए हा गॅस असेल तर तो हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून वाईट आहे. एक्स्चेंजला देणं बरं, एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुना माल ठिकाणी लावायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. नाहीतर आपल्याकडे कचरावेचकांची स्वच्छ संस्था आहे, त्या ई-कचरा घेतात, तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनाच विचारा. पैशात फरक शेदोनशेचा पडेल.

दार काढायला वरच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने सोडवायचे आणि दार वर उचलायचं, एकट्याने करू नका, ते वाटतं त्यापेक्षा जड असतं. आतले काचेचे शेल्फ आधी बाहेर काढा. शेल्फ ठेवून घ्या, देवघरात कामाला येतात.